मेपलच्या कपाटांना जोड कोणत्या लाकडाची? खान्देशातल्या घरांसाठी पायरीपायरीने

जळगाव-धुळ्याकडे नवं घर बांधणारे, किंवा जुनं स्वयंपाकघर मोडून नवं करणारे लोक आजकाल मेपल मागू लागले आहेत. सागवानाच्या तांबूस-सोनेरी दारं-कपाटांत वाढलेल्या पिढीला उजळ घर हवं आहे, आणि मेपल सायीच्या रंगाचं, शांत रेषांचं लाकूड आहे. अडचण नंतर येते. सगळीकडे मेपलच लावलं की खोली फिकी पडते. मग कुणीतरी सुचवतं, “मध्ये एखादं गडद लाकूड घाला,” आणि दुकानदार वॉलनटचा तुकडा पुढे करतो. वॉलनट वाईट नाही. पण गडद लाकूड कोणतं, किती आणि कुठे, हे ठरवण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या आपल्या उन्हाशी आणि कूलरशी संबंधित आहेत.

पायरी १ : तुमचं मेपल नक्की काय आहे?

दुकानात ‘मेपल’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, मेपलच्या रंगाचं सनमायका. हा छापलेला कागद असतो, लाकूड नव्हे. दोन, प्लायवर चिकटवलेलं खऱ्या मेपलचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. तीन, भरीव मेपल, जे उत्तर अमेरिकेतून येतं आणि आपल्याकडे ऑर्डर देऊनच मागवावं लागतं. जोड निवडायची पद्धत या तिघांत बदलते. सनमायकाचा रंग वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. खरं मेपल मात्र हळूहळू पिवळसर होत जातं.

भरीव लाकूड घेत असाल तर कापलेलं टोक बघा. मेपलची छिद्रं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. टोकावर टोचल्यासारखी छिद्रं आणि फळीच्या सपाट बाजूला बारीक तुटक रेघा दिसल्या तर ते बहुधा रबरवुड. अंगावर गुलाबी झाक आणि सगळीकडे छोटे तपकिरी ठिपके असतील तर स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीच लाकूड. दोन्ही लाकडं टाकाऊ नाहीत, पण मेपलचा भाव देऊन ती घेऊ नयेत.

पायरी २ : घरात आधीच काय काय आहे ते मोजा

नवीन माणूस इथे हमखास फसतो. तो म्हणतो, “मला दोनच लाकडं हवीत, मेपल आणि वॉलनट.” पण खोलीच्या दाराची चौकट सागवानाची असते. हॉलमधल्या बंगईची फळी सागवानाची किंवा शिसमची असते. देव्हारा आजोबांच्या वेळचा असतो. म्हणजे दोन लाकडं आणायच्या आधीच घरात एक-दोन हजर असतात, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की सगळी एका नजरेत येतात.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे ओटा. आपल्याकडे ओटा बहुतेक काळ्या ग्रॅनाइटचा. मेपलच्या ट्रॉल्यांवर काळा ग्रॅनाइट आला की सगळ्यात मोठा गडद-उजळ फरक तिथेच तयार होतो. त्याच्या खाली-वर वॉलनटच्या पट्ट्या लावल्या तर त्या ना काळ्या दिसतात ना उजळ, नुसत्या मळकट वाटतात. काळा ओटा असेल तर माझं मत असं की ओट्याजवळ दुसरं लाकूड आणूच नका. ते समोरच्या भिंतीवरच्या क्रॉकरीच्या कपाटात किंवा जेवणाच्या टेबलात वापरा. ओटा पांढरा किंवा राखाडी असेल तरच ट्रॉल्यांमध्ये गडद लाकडाला जागा आहे.

जुन्या सागवानाच्या चौकटी तशाच राहणार असतील तर तुमचं जोडीचं लाकूड म्हणजे सागवान, हे मान्य करून पुढे जाणं सोपं आणि स्वस्त पडतं.

पायरी ३ : फरक कशात हवा ते ठरवा

दोन लाकडांत फरक तीन प्रकारचा असतो: गडदपणाचा, छटेचा आणि रेषांचा. तिन्ही एकदम जोरात असले की घर शोरूमसारखं दिसतं. एक फरक ठळक ठेवावा, बाकीचे दोन सौम्य.

गडदपणा तपासायला एक सोपी युक्ती आहे. दोन्ही नमुने शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही जवळपास सारख्याच राखाडी रंगाचे दिसले तर फरक फक्त छटेचा आहे, आणि तो रात्रीच्या दिव्यात नाहीसा होईल. एक ठळक गडद आणि एक ठळक उजळ दिसला तर जोडी टिकाऊ आहे.

छटेचं म्हणाल तर मेपल मुळात फिकट पण थोडं उबदार असतं. सागवान सोनेरी, चेरी तांबूस, वॉलनट चॉकलेटी आणि त्यात किंचित जांभळट-राखाडी झाक. रेषांच्या बाबतीत मेपल गरीब स्वभावाचं आहे, म्हणून शेजारी ठळक रेषांचं लाकूड चालतं. अपवाद एकच: तुम्ही ठिपक्यांचं (बर्ड्स आय) किंवा लहरींचं मेपल घेतलं असेल, तर ते स्वतःच लक्ष वेधून घेतं. त्याच्याजवळ शांत, सरळ रेषांचं गडद लाकूडच हवं.

पायरी ४ : उमेदवार

वॉलनट. इथे अमेरिकन काळा वॉलनट म्हणायचं आहे. काश्मिरी अक्रोड वेगळी जात आहे आणि त्याचं लाकूड बहुधा जास्त फिकं असतं. मेपलशेजारी नवं वॉलनट फार देखणं दिसतं, यात वाद नाही. पण दोघांचं म्हातारपण उलट दिशेनं जातं. मेपल उजेडात पिवळसर, गडद होतं, वॉलनट उजेडात फिकट होतं. म्हणजे पहिल्या दिवशी जो फरक होता तो दर वर्षी थोडा थोडा कमी होतो. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळपर्यंत ऊन आत येणाऱ्या भुसावळच्या घरात हे लवकर दिसतं. वॉलनट घ्यायचंच असेल तर सगळ्यात गडद फळ्या निवडा, कडेचा पांढरा भाग काढून टाकायला सांगा आणि उन्हाच्या भिंतीवर ते लावू नका.

सागवान. खान्देशात याच्यावर सगळ्यांचं प्रेम, आणि सुताराच्या हातालाही ते सवयीचं. मेपलशी जोडताना मात्र ते मधलं लाकूड ठरतं: मेपलपेक्षा गडद, पण फार नाही. नव्या मेपलशेजारी ठीक दिसतं. मेपल पिवळं पडल्यावर दोघांत अर्धवट फरक उरतो आणि बघणाऱ्याला वाटतं की एकाच लाकडाचं पॉलिश बिघडलं आहे. त्यामुळे सागवान वापरायचं तर रेषांचा फरक पुढे आणा: रुंद, डोंगरासारख्या ठळक नक्षीच्या फळ्या घ्या आणि मेपल अगदी सपाट, शांत ठेवा.

जुन्या वाड्यांचं सागवान हा वेगळा विषय आहे. धाब्याची घरं पाडली जातात तेव्हा खांब, तुळया, चौकटी वखारीत येतात. धुरानं आणि वयानं काळपट झालेली तुळई बघून लोक हरखून जातात आणि म्हणतात, “हाच रंग मेपलशेजारी हवा.” पण तो काळपटपणा वरच्या थरातला असतो. रंधा मारला, चिरून पाट्या काढल्या की आत पुन्हा सोनेरी सागवानच निघतं, नव्यापेक्षा थोडं गडद एवढंच. रंग हवा असेल तर तुळईची बाहेरची बाजू तशीच ठेवून फक्त घासून-पुसून वापरा: खुल्या फळीसाठी किंवा क्रॉकरीच्या कपाटाच्या वरच्या पट्टीसाठी. लाकूड चांगलं सुकलेलं हवं म्हणून घेत असाल तर खुशाल चिरा, पण आधी जुने खिळे शोधून काढा, नाहीतर सॉ मिलवाला पातं गेल्याचे पैसे मागेल.

शिसम आणि शिसव. शिसम उत्तरेकडून येतं, तपकिरी अंगावर काळसर पट्टे असतात. शिसव हे आपल्या दक्षिणेतल्या जंगलातलं, जांभळट-काळं, जड आणि महाग. मेपलशी सगळ्यात टिकाऊ फरक मला या दोघांतच दिसतो, कारण वॉलनटसारखी ती पटकन फिकी होत नाहीत. शिसम बजेटात बसतं. शिसव थोडंच घ्या, मुठींना आणि देव्हाऱ्याला. मेपलच्या कपाटांच्या रांगेत एक छोटा शिसवी देव्हारा बसवला तर दुसरं काही करायची गरज उरत नाही. शिसम घेताना एक काळजी घ्या: त्याच्या फळीत बाहेरचा पांढरट भाग खूप असतो आणि विक्रेते तो काळा रंग मारून लपवतात. फळी पलटून बघा, टोक बघा.

वेंगे. आफ्रिकेतलं, जवळपास काळं. बाजारात या नावानं मिळणारं व्हिनिअर बरेचदा दुसऱ्या लाकडाचे रंगवलेले थर जोडून केलेलं असतं. सरळ रेषांमुळे मेपलशेजारी ते नेटकं दिसतं, पण स्वयंपाकघरात फार कडक वाटतं. टीव्हीच्या भिंतीला चालेल.

ओक फिकं असल्यानं मेपलशी गडदपणाचा फरक पडत नाही. चेरी सुरुवातीला गुलाबी-फिकी असते आणि काही महिन्यांत लालसर तपकिरी होते, त्यामुळे नव्या तुकड्यावरून निर्णय घेणाऱ्याची फसगत होते. आंबा स्वस्त, पण त्याचा रंग फळीगणिक बदलतो. हे तिन्ही मी नवशिक्याला सुचवणार नाही.

आणि दोन नावं अशी जी कुठल्याही शोरूमच्या यादीत नसतात: बाभूळ आणि अंजन. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, वयानुसार गडद होणारा, आणि बैलगाडीच्या चाकांना वापरला जाण्याइतका चिवट. अंजन तर भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक, गडद लालसर-काळपट. दोन्हीच्या लांब सरळ फळ्या मिळणं कठीण, पण मुठी, खुंट्या, छोट्या पट्ट्या यांना लांबी लागतेच कुठे? फक्त लाकूड पूर्ण वाळलेलं असल्याची खात्री करा आणि गाभ्याचाच भाग वापरा. अंजनावर काम करताना सुतार कुरकुर करेल, हत्यारांना धार लावत बसावं लागतं.

पायरी ५ : गडद लाकूड कुठे लावायचं

सर्वसाधारण नियम असा की एक लाकूड जागा भरतं आणि दुसरं रेघ ओढतं. निम्मं-निम्मं केलं की दोन्ही भांडतात. पण रेघ कुठे ओढायची हे आपल्या स्वयंपाकघरानं ठरवावं.

आपल्या घरात फोडणी पडते, वांग्याचं भरीत होतं, शेवभाजीचा तेलकट तवंग उडतो. हळदीचा हात मेपलच्या दाराला लागला की पिवळा डाग उठतो, आणि पॉलिश पातळ असेल तर तो सहज निघत नाही. म्हणून ओटा पांढरा किंवा राखाडी असेल तर जिथे हात लागतो तिथे गडद लाकूड द्या: मुठी, खाच असलेली वरची कड, गॅसजवळच्या ट्रॉल्यांच्या कडेच्या पट्ट्या. इथे शिसम किंवा बाभूळ सौंदर्यासाठीही आहे आणि डाग लपवायलाही.

खालची पट्टी, जिथे फरशी पुसताना ओला पोछा लागतो, तिथे मेपल कधीच नको. मेपल ओलाव्यात आणि वाळवीसमोर टिकत नाही. सागवानाचा गाभा टिकतो, पण त्याचाही पांढरा भाग नाही. तळमजल्यावरच्या, काळ्या मातीतल्या प्लॉटवरच्या घरात तर तिथे लाकूड टाळून ग्रॅनाइटची पट्टी लावणं उत्तम. सुतार नाराज होईल, होऊ द्या.

उंचावरच्या कपाटांत गडद लाकूड नको. आधीच सावलीत असलेला भाग आणखी काळोखा होतो.

पायरी ६ : लाकूड हलतं, हे सुताराशी आधी बोला

भरीव लाकूड वापरणार नसाल, सगळं प्लायवरचं व्हिनिअर असेल, तर ही पायरी वरवर वाचली तरी चालेल. भरीव असेल तर इथेच काम बिघडतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे रुंदीला फुगतं-आकसतं. लांबीला जवळजवळ नाही. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, हवा कोरडी ठक्क असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. त्यात आपले कूलर! भर उन्हाळ्यात कूलरचा ओला झोत ज्या कपाटावर पडतो ते फुगतं आणि दोन हातांवरचं दुसरं कपाट आकसलेलं असतं.

मेपल यात बरंच चंचल आहे. आकडे घेऊन बघा. ३०० मिलीमीटर रुंद, नेहमीच्या सपाट चिरलेल्या मेपलच्या फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर ती साधारण ४ मिलीमीटर हलते. तेवढीच सागवानाची फळी सुमारे सव्वादोन मिलीमीटर, वॉलनटची सव्वातीन. म्हणजे मेपल सागवानाच्या जवळपास दुप्पट हलतं. दोन्ही रुंद फळ्या एकमेकांना आडव्या-उभ्या चिकटवल्या तर एक ओढणार, दुसरी अडवणार, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधा उघडणार किंवा फळी तडकणार.

“भाऊ, दोन्ही लाकूडच आहे, फेव्हिकॉल लावून टाकू,” असं सुतार म्हणाला तर त्याला तीन गोष्टी सांगा. मेपलची रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायची, तिथे गोंद नाही, दोन्ही बाजूंना थोडी फट. गडद लाकडाच्या पट्ट्या अरुंद ठेवायच्या, शक्यतो मेपलच्या रेषांना समांतर. आणि सागवान, शिसम चिकटवण्याआधी सांध्याची बाजू थिनरनं पुसून घ्यायची, कारण सागवानातलं तेल गोंदाला धरू देत नाही.

काम सुरू करण्याआधी लाकूड वखारीतून आणून त्याच घरात, पंख्याखाली, मध्ये काड्या घालून काही आठवडे रचून ठेवा. ओलावा मोजायचं छोटं मीटर आता सहज मिळतं. दोन्ही लाकडांचा आकडा ८ ते १२ टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असावा. एकाचा ९ आणि दुसऱ्याचा १६ असेल तर थांबा.

पायरी ७ : नमुना बनवा आणि त्याला ऊन दाखवा

दुकानातल्या बोटभर तुकड्यावर विश्वास ठेवू नका. किमान एक फूट बाय एक फूटचा मेपल आणि तुमच्या निवडीची खरी रुंदीची पट्टी, दोन्हींवर तेच पॉलिश, जे शेवटी लागणार आहे. मग तो नमुना ओट्याशेजारी उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री बघा. रात्री विशेषतः. पांढऱ्या थंड एलईडीत (६५०० केल्विन) वॉलनट राखाडी आणि मेपल आजारी दिसतं. ३००० च्या आसपासच्या उबदार दिव्यात दोन्ही खुलतात. कित्येकदा लाकूड बदलण्यापेक्षा दिवा बदलणं स्वस्त पडतं.

नंतर नमुन्याचा अर्धा भाग जाड काळ्या कागदानं झाका आणि गच्चीवर दोन आठवडे उन्हात ठेवा. कागद काढल्यावर दिसेल ते थोड्याफार फरकानं तुमच्या कपाटांचं पुढचं रूप असेल.

पायरी ८ : घासणं आणि पॉलिश

मेपल कडक आहे. कडकपणाच्या जांका चाचणीत हार्ड मेपल १४५० पाउंड, सागवान सुमारे १०७०, वॉलनट १०१०. शेजारीशेजारी बसवून नुसत्या हातानं सँडपेपर मारला की मऊ लाकूड जास्त झिजतं आणि सांध्यावर खळगा पडतो. सँडपेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून मारायला लावा.

शिसमची गडद भुकटी मेपलवर पसरते, ओल्या फडक्यानं पुसली तर रंग आत मुरतो. हवेनं उडवा किंवा व्हॅक्यूम करा. पहिला हात मारताना स्पिरिट किंवा थिनरमुळे शिसवाचा रंग सुटून मेपलवर ओघळतो, म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही भाग जोडण्याआधीच वेगवेगळे सीलर मारून घ्या. नसेल तर पहिले हात स्प्रेनं, हलके, फडका न फिरवता.

मेपल उजळ ठेवायचं असेल तर पाण्याच्या बेसचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) किंवा पिवळं न पडणारं पीयू मागा. चपड्याचं पॉलिश आणि तेलाच्या बेसची पॉलिशं मेपलला लगेच पिवळसर करतात. शिसम, शिसवावर तेलाच्या बेसचं पॉलिश नीट वाळत नाही, चिकट राहतं. आधी चपड्याचा पातळ हात मारला तर हा त्रास टळतो. आणि पॉलिशवाल्यानं “मेपललाच वॉलनट कलर मारून देतो, वेगळं लाकूड कशाला” असं सुचवलं तर नको म्हणा. मेपल रंग सारखा पीत नाही, ठिकठिकाणी काळे-पांढरे ढग उठतात.

पायरी ९ : खरेदी

सागवान, शिसव घेताना पावती आणि वनविभागाचा वाहतूक परवाना मागा, ओंडक्यावर हातोडीचा ठसा बघा. सातपुड्याकडून स्वस्तात आणून देतो, कागद लागत नाहीत असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथेच संपवा. वाड्याच्या जुन्या लाकडाचीही पक्की पावती घ्या.

गडद लाकूड एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून, गरजेपेक्षा पाचवा भाग जास्त घ्या. पुढे एक मूठ तुटली तर त्याच छटेचा तुकडा पुन्हा मिळत नाही. व्हिनिअर असेल तर सगळ्या शीट एकाच ओंडक्याच्या, ओळीनं क्रमांक टाकलेल्या मागा आणि दुकानातच उभ्या करून बघा. प्लाय घेताना स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला, बाकी खोल्यांना आयएस ३०३ (साध्या प्लायचं मानक) चालतो.

भरीव लाकडाचं काम पावसाळ्यात सुरू करू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची हवा सगळ्यात बरी, लाकूड फार फुगलेलंही नसतं आणि पार आकसलेलंही नसतं. चांगले सुतार लग्नसराईआधी भराभर बुक होतात, तेव्हा दसऱ्यालाच विचारून ठेवा.